बारा खुर्च्या, साडेतीन हजार माणसे

जहाज अजून धक्क्यालाच असते. बॅगा केबिनपर्यंत पोचलेल्या नसतात, आणीबाणीची कवायतही व्हायची असते, आणि काही प्रवासी केबिनमध्ये पाऊल टाकताच फोन उचलून एकच विनंती करतात : ‘शेफ्स टेबल’साठी आमचे नाव लिहून घ्या. प्रिन्सेस क्रूझेसच्या जहाजांवर ही जागा मिळवण्याची जुनी वहिवाट अशी. त्या टेबलाभोवती जास्तीत जास्त 12 माणसे बसतात असे धरू. 2013 साली सेवेत आलेल्या ‘रॉयल प्रिन्सेस’वर 3,560 प्रवाशांची सोय आहे. आठवड्याच्या सफरीत हे जेवण दोनदा मांडले तरी खुर्च्या होतात 24, म्हणजे सुमारे दीडशे प्रवाशांमागे एक. रोजचे जेवण तिकिटातच धरलेले असते. तरीही वेगळे पैसे मोजून त्या एका संध्याकाळसाठी माणसे धडपडतात, याचे कारण ताटातल्या पदार्थांइतकेच जहाजाच्या भटारखान्यात आहे. ही जागा कोणाला, कधी आणि कोणत्या नियमाने द्यायची, याचा निर्णयही त्या भटारखान्याच्या बाजूने विचार करून झाला पाहिजे, असे मला वाटते. तो आज बहुधा तसा होत नाही.

जेवणाची सुरुवात टेबलावर होतच नाही. निवडलेल्या पाहुण्यांना आधी एक आरोग्यविषयक फॉर्म भरावा लागतो. मग हात धुणे, अंगात पांढरा कोट चढवणे आणि शेफच्या मागोमाग गॅलीत, म्हणजे जहाजाच्या भटारखान्यात, शिरणे. तिथे शॅम्पेनचा ग्लास आणि हातात मावतील एवढे पदार्थ मिळतात, पण खरे आकर्षण भोवती चाललेले काम असते. वेळ नेमकी रात्रीच्या जेवणाच्या गर्दीची. झाकलेल्या थाळ्यांची चळत खांद्यावर घेऊन वेटर ये-जा करत असतात. ताज्या पावाचा वास, तापलेल्या लोण्याचा वास आणि भांडी धुण्याच्या यंत्रातून येणारी दमट वाफ, सगळे एकमेकांत मिसळलेले असते. गरम पदार्थांच्या लांबच लांब स्टीलच्या ओट्यामागे एक माणूस ताटे लावत असतो. मांसाचा तुकडा, भाजी, रस्सा, फडक्याने कड पुसणे, पुढचे ताट. तेच ताट शेकडो वेळा, आणि शेवटच्या ताटाची कडही पहिल्याइतकीच स्वच्छ. पाहुणे हातात ग्लास घेऊन त्याच्यापासून दोन हातांवर उभे असतात, पण मान वर करून पाहायला त्याला सवड नसते. या सगळ्या व्यवहाराचा विचार करताना मी पुन्हा पुन्हा या माणसापाशी येऊन थांबते. पाहुणे 12च का, 40 का नाहीत, याचे उत्तर त्याच्या कोपराभोवतीच्या जागेत आहे. आणखी चार माणसे उभी राहिली तर वेटरांची वाट अडेल, गरम भांडे कोणाच्या तरी अंगावर सांडेल. जाहिरातीत ‘मर्यादित जागा’ हे शब्द स्वस्त झाले आहेत, पण इथे ते खरे आहेत.

मराठी वाचकाला हा माणूस परका नाही. जगभरच्या क्रूझ जहाजांवर फिलिपिनो आणि इंडोनेशियन कामगारांबरोबर गोव्याची, मुंबईची माणसे मोठ्या संख्येने आहेत. इंग्रजांच्या काळात पी अँड ओ कंपनीच्या जहाजांवर जेवणघर आणि स्वयंपाक गोवेकरांकडे असे. जहाजावरून उतरलेले आणि पुढच्या जहाजाची वाट पाहणारे तरुण मुंबईत धोबीतलावच्या, माझगावच्या कुडांत, म्हणजे सामायिक वसतिगृहांत, राहत. याच पी अँड ओने 1974 मध्ये प्रिन्सेस कंपनी विकत घेतली. म्हणजे पांढरा कोट घालून गॅलीत शिरणारा पाहुणा ज्या परंपरेचे कौतुक करतो, तिच्यात आपल्या माणसांच्या कित्येक पिढ्यांचा घाम आहे.

आता जागावाटपाची दुसरी रीत पाहा. डिस्ने क्रूझ लाइनच्या जहाजांवर ‘पालो’ हे इटालियन उपाहारगृह आहे. 2011 साली सुरू झालेल्या ‘डिस्ने ड्रीम’वर त्याच्या जोडीला ‘रेमी’ हे फ्रेंच उपाहारगृह आले. दोन्ही फक्त प्रौढांसाठी, दोन्हींचे पैसे वेगळे. इथे नाव नोंदवायला जहाजावर पोचण्याची वाट पाहायची नसते. सफरीचे सगळे पैसे भरून झाले की पहिल्यांदा येणाऱ्याला निघण्याच्या 75 दिवस आधी आरक्षण उघडते. एक सफर झालेल्याला 90 दिवस आधी, पाच झालेल्याला 105, दहा झालेल्याला 120. महागड्या सुइटमध्ये राहणाऱ्यांचा नंबर त्याच्याही आधी. आरक्षण अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मध्यरात्री उघडते. भारतात तेव्हा उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात, म्हणून न्यू जर्सीतल्या आईवडिलांसाठी पुण्यातला मुलगा सावकाश चहा घेत नाव नोंदवू शकतो. पण तो 75 दिवसांच्या पायरीवर असेल, तर छोट्या सफरीतल्या चांगल्या वेळा तोवर वरच्या पायऱ्यांवरच्या लोकांनी उचललेल्या असू शकतात. हा पंक्तिभेद जहाजांना नवा नाही. कुनार्ड कंपनीच्या जहाजांवर तुम्ही कोणत्या जेवणघरात बसणार हे आजही केबिनच्या दर्जावरून ठरते. ‘टायटॅनिक’वर पहिल्या वर्गातल्यांसाठीसुद्धा जास्तीचे पैसे देऊन जेवण्याचे एक वेगळे रेस्तराँ होते. लुइजी गात्ती ते चालवत. 1912च्या त्या रात्री ते स्वतः आणि त्यांचे जवळपास सगळे कर्मचारी बुडाले; वाचले फक्त तिघे.

आगाऊ आरक्षणाच्या या पायऱ्या मला पटत नाहीत. त्यावर पहिला आक्षेप सरळ आहे : जो दहा वेळा आला, त्याच्या पैशावर कंपनी उभी आहे, मग त्याला आधी संधी दिली तर बिघडले काय? निष्ठेचे मोल कंपनीने जरूर द्यावे. सवलत द्यावी, चांगली केबिन द्यावी, एखादे जेवण फुकट द्यावे. पण ज्या गोष्टीचा पुरवठाच मोजका आहे, तिच्यात एकाला चार महिने आधी हात घालू दिला की दुसऱ्याच्या वाट्याला उरलेसुरलेच येते. शिवाय इतक्या आधी धरलेली जागा बऱ्याचदा टिकत नाही. आपल्या रेल्वेने 1 नोव्हेंबर 2024पासून आगाऊ आरक्षणाची मुदत 120 दिवसांवरून 60 दिवसांवर आणली, ती याच अनुभवातून : फार आधी काढलेली तिकिटे रद्द होतात, किंवा तिकीट असूनही माणूस येतच नाही. डिस्नेच्या सर्वांत जुन्या प्रवाशांपैकी दहा सफरी झालेल्यांची मुदतही नेमकी 120 दिवसांचीच आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. जहाजावर चढताच फोन करण्याची प्रिन्सेसची जुनी रीतसुद्धा निर्मळ नाही. असा फोन करायचा असतो हेच मुळी अनेकदा येणाऱ्यांना ठाऊक असते. पहिल्यांदा आलेला बिचारा तेव्हा आपले सामान शोधत असतो. हे मान्य करावेच लागते. म्हणून पहिल्या संध्याकाळपर्यंत आलेली सगळी नावे घेऊन चिठ्ठ्या टाकाव्यात, हे मला सर्वांत न्याय्य दिसते. लग्नाचा वाढदिवस साजरा करायला आलेल्यांना चिठ्ठीच्या भरवशावर ठेवणे क्रूर आहे, असे कोणी म्हणेल. त्यांच्यासाठी जहाजावर दुसरी उपाहारगृहे आहेत, तिथे आगाऊ आरक्षण असू द्या. गॅलीतल्या 12 जागांचे तसे नाही. त्या जेवणाचा बेत शेफ ठरवतो, पाहुण्यापुढे निवडीचे कार्ड येत नाही. त्यामुळे आपल्याकडच्या शाकाहारी प्रवाशाने तर नाव देण्याआधीच बेत विचारून घ्यावा. चिठ्ठी लागल्यावर विचारून दोघांचीही अडचण होते.

चिठ्ठीच्या बाजूने मला सर्वांत मोठे वाटणारे कारण त्या आरोग्याच्या फॉर्ममध्ये आहे. जहाजावर नोरोव्हायरस झपाट्याने पसरतो. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेचा जहाज-स्वच्छता कार्यक्रम 1975पासून चालू आहे. 3 टक्के प्रवासी किंवा कर्मचारी पोटाच्या तक्रारीने आजारी पडले की तो कार्यक्रम साथ म्हणून नोंद जाहीर करतो. ‘रॉयल प्रिन्सेस’ भरलेली असेल तर हा आकडा शंभराच्या थोडा वर जातो. ही जागा आगाऊ मिळू लागली, तर ज्याने ती चार महिने सांभाळली, ज्याला पुन्हा मिळण्याची खात्री नाही, त्याला काल रात्री पोट बिघडल्याचे फॉर्मवर लिहावेसे वाटेल का? जागा जितकी दुर्मीळ आणि जितकी मानाची, तितका खोटे लिहिण्याचा मोह मोठा, आणि त्याची किंमत आधी ताट लावणारा माणूस मोजणार, मग तो ज्यांची ताटे लावतो ते साडेतीन हजार. ताट लावणाऱ्याला लागण झाली तर त्याला केबिनमध्ये एकटे ठेवतात आणि त्याचे काम उरलेल्यांच्या अंगावर पडते. म्हणून फॉर्मवर खरे लिहून मागे फिरणाऱ्याचे पैसे लगेच परत मिळावेत आणि पुढच्या टेबलावर, ते याच सफरीत असो वा पुढच्या, त्याची खुर्ची चिठ्ठीविना पक्की असावी. त्याची त्या रात्रीची खुर्ची यादीतल्या पुढच्या नावाला जावी, मग ते नाव पहिल्यांदाच जहाजावर आलेल्या माणसाचे का असेना.