अमर हुतूतू आणि मोबाईलवरील रणांगण

नवा खेळ घरात शिरला की वडीलधाऱ्यांच्या कपाळी आठी चढावयाची, ही रीत फार जुनी आहे. गंजिफा, पत्ते, क्रिकेट, कॅरम या सर्वांनी ती आठी पाहिली आहे. सांप्रत ती मोबाईलवरील लढाईच्या खेळांच्या वाट्यास आली आहे. या विषयावर बहुतेक घरांत दोनच मते आढळतात. एक पक्ष म्हणतो, 'मुलांचे वाटोळे झाले'. दुसरा म्हणतो, 'काळच तसा आहे, त्याला कोण काय करणार?' दोन्ही पक्षांत साम्य एवढेच की, खेळ आहे तरी कसा हे कोणीच पाहिलेले नसते. शिक्षकाच्या पेशात आयुष्य गेल्यामुळे, न वाचलेल्या पुस्तकावर अभिप्राय देऊ नये अशी आमची सवय आहे. म्हणून गेले तीन आठवडे आम्ही सायंकाळी घरच्या मुलांजवळ बसून असा एक खेळ नीट पाहिला, आणि त्यांच्या आग्रहास्तव थोडाबहुत खेळलोही. प्रथमदर्शनी जे मनात आले ते वाचकांपुढे ठेवीत आहो.

खेळाचे नाव 'फौ-जी : डॉमिनेशन'. याचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे. जून 2020 मध्ये गलवान खोऱ्यात चकमक झाली, आणि त्यानंतर 2 सप्टेंबर 2020 रोजी आपल्या सरकारने पब्जी या खेळासह शंभरावर परकीय ॲप्सना मनाई केली. दोनच दिवसांनी अभिनेते अक्षयकुमार यांनी 'फौ-जी' या देशी खेळाची घोषणा केली, आणि 26 जानेवारी 2021 रोजी बंगळूरच्या एन-कोअर संस्थेने त्याचा पहिला भाग प्रसिद्ध केला. त्यात एक एकटा जवान गलवान खोऱ्यात शत्रूशी हातघाईची लढाई लढे. खेळणारा एक, आणि त्याच्या विरुद्ध यंत्र. त्या खेळास आरंभ होता, कथा होती, शेवट होता. एखादी छोटी कादंबरी वाचून मिटवावी तसा तो खेळून मिटवता येई.

दुसरा भाग डॉट-नाईन गेम्स या भारतीय मंडळीने रचला. डिसेंबर 2024 मध्ये त्याची चाचणी झाली आणि जानेवारी 2025 च्या अखेरीस तो सर्वांस खुला झाला. यात कथेपेक्षा सामन्याला महत्त्व आहे. मुले ज्याला मल्टिप्लेअर म्हणतात तो हा प्रकार, म्हणजे अनेकांनी आपापल्या ठिकाणी बसून एकाच वेळी एकमेकांशी खेळावयाचा खेळ. एका बाजूस पाच, दुसऱ्या बाजूस पाच, हाती बंदुका, आणि रणभूमी म्हणून दिल्लीची मेट्रो, जोधपूर, चेन्नईचे बंदर अशी आपल्याच देशातील ठिकाणे. परकीय खेळांत कोठल्या तरी अनोळखी शहरांतून धावणारी मुले येथे ओळखीच्या पाट्या आणि कमानी पाहून हरखतात, हे आम्ही स्वतः पाहिले. सहलीत पाहिलेल्या जोधपूरची आठवण निघून आमच्या घरी एकदा अर्धा तास खेळच थांबला होता!

या खेळातील मुख्य प्रकारास 'टीम डेथमॅच' असे भयंकर नाव आहे. नियम मात्र अगदी सोपा. ठराविक वेळात ज्या बाजूने समोरच्यांस अधिक वेळा पाडले, ती बाजू जिंकली. जो पडला तो बाद होत नाही. काही क्षणांत पुन्हा उभा राहून खेळू लागतो. पहिल्याच दिवशी आमच्या हाती मोबाईल आला आणि दोन पावले टाकतो न टाकतो तोच धाकटी नात म्हणाली, "आबा, तुम्ही मेलात! पण घाबरू नका, आत्ता परत जन्म मिळेल." पुनर्जन्मावर पुष्कळ भाष्ये आम्ही वाचली आहेत, कर्माचा हिशेब न मागता इतक्या तातडीने मिळणारा जन्म मात्र प्रथमच पाहिला.

आता वाचकांपैकी जे लहानपणी धुळीत खेळले असतील, त्यांस आम्ही एक गोष्ट आठवून पाहा म्हणतो. आपल्या हुतूतूचे पूर्वी तीन प्रकार असत: संजीवनी, गामिनी आणि अमर. संजीवनीत आपला गडी बाद झाला तर तो बाहेर बसे. पुढे आपल्यापैकी कोणी शत्रूचा गडी मारला म्हणजे बाहेरचा एक जिवंत होऊन आत येई. गामिनीत मेला तो मेला. सगळी बाजू बाद होईपर्यंत त्याने बाहेरच बसावयाचे. आणि अमरमध्ये शिवला गेलेला गडी बाहेर जातच नसे. समोरच्यांस गुण मिळे आणि खेळ तसाच चाले. पुढे 1923 मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने नियमांची नीट घडी बसविली, 1936 मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी हा खेळ करून दाखविला, आणि आजच्या कबड्डीत संजीवनीचा नियम स्थिर झाला. या दृष्टीने पाहता टीम डेथमॅच म्हणजे शुद्ध अमर हुतूतू होय. पब्जीच्या वंशातील खेळांत शंभर खेळाडू उतरतात आणि शेवटी एकच खेळाडू किंवा एकच तुकडी उरते. ती बव्हंशी गामिनी. त्यातही तुकडी करून खेळताना एखादा जखमी होऊन पडला, तर सोबत्याने वेळेत जवळ जाऊन त्यास उठवावे लागते. तेवढ्यापुरती ती संजीवनी. सारांश, साधन परदेशांतून आले असले तरी खेळाचा सांगाडा आपल्या ओळखीचा आहे. तो पाहून दचकण्याचे कारण नाही.

मग विचार करण्याजोगे काही उरलेच नाही काय? उरले आहे, आणि ते आमच्या लक्षात एका शेजाऱ्यांमुळे आले.

आमचे नगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, हे लष्कराचे गाव. रणगाडा दलाचे केंद्र व शाळा येथे आहे, यांत्रिक पायदळाचे केंद्र येथे आहे, आणि 1994 पासून येथे रणगाड्यांचे संग्रहालय आहे. नगर, राहुरी व पारनेर या तालुक्यांतील पुष्कळ गावांस के. के. रेंजवरील सराव परिचयाचा आहे. घराघरांतून कोणी ना कोणी फौजेत आहे किंवा होता. आमच्या वाड्यातही एक सेवानिवृत्त हवालदार बिऱ्हाड करून राहतात. मुले त्यांस 'काका' म्हणतात आणि त्यांच्या शब्दास फार मान देतात. एके दिवशी ते ओसरीवर मुलांचा सामना पाहत उभे राहिले. बंदुकांची नावे, नेम, आडोसा यांविषयी मुलांनी त्यांस नाना प्रश्न विचारले. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "बाळांनो, तुमचा एक जण पडला, तेव्हा त्याच्याकडे कोणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. आमच्यात पडलेल्याला टाकून पुढं जात नाहीत." मुले काही वेळ गप्प झाली. थोरला नातू मग म्हणाला, "काका, तो लगेच परत येतो ना, म्हणून."

आमच्या मते साऱ्या विषयाचे मर्म या प्रश्नोत्तरात आहे. जो लगेच परत येणार, त्याच्यासाठी थांबावयाचे कशाला? अमर खेळात मरणास किंमत नाही, आणि म्हणून सोबत्यासही फारशी किंमत राहत नाही. पाच जण एका बाजूचे खरे, पण प्रत्येक जण आपापली संख्या मोजीत असतो. सामना संपताच 'मी किती पाडले' हाच पहिला उद्गार. याउलट संजीवनीच्या खेळात बाहेर बसलेला गडी आपल्या पराक्रमाकडे डोळे लावून बसलेला असतो. आपण जिंकावे ते त्यास आत आणण्यासाठी. संघभावना हा शब्द शाळेच्या फळ्यावर आम्ही पुष्कळदा लिहिला. पण ती मुलांत उपजते ती अशा नियमांतून. म्हणून आईबापांनी मुलांस 'किती वेळ खेळलास?' एवढेच न विचारता, 'तुझ्या खेळात पडलेल्याचे काय होते?' असेही विचारावे. खेळाची परीक्षा करण्यास हा प्रश्न उत्तम आहे.

अमर प्रकाराची एक बाजू मात्र प्रांजळपणे मांडली पाहिजे. त्याचा सामना थोडक्या मिनिटांत संपतो. शंभरांच्या खेळात एक डाव अर्धा तास घेतो, आणि 'हा डाव संपला की येतो' या उत्तरावर आमटी निवत राहते. दुसरे असे की, नवशिक्या व अशक्त मुलास अमर खेळ हाकलून देत नाही. आमची धाकटी नात गामिनीत आरंभीच बाद होऊन रुसून बसे. येथे ती दूरवरून नेम धरण्यात भावांस भारी ठरली आहे.

आणखी एका गोष्टीने आमचे मन या खेळाकडे थोडे वळले. एकत्र कुटुंब म्हटले तरी आता सारी भावंडे एका छपराखाली कोठे असतात? आमच्या घरची दोन मुले येथे, एक पुण्यास, एक नाशकास आणि पुतण्याचा मुलगा छत्रपती संभाजीनगरास. पूर्वी ही पाचही दिवाळीस आणि मे महिन्यात तेवढी भेटत. आता सायंकाळी पाचही जण एक बाजू धरून खेळतात, आणि दोन सामन्यांच्या मधल्या वेळात 'आजीचा गुडघा कसा आहे?' येथपासून परीक्षेच्या गुणांपर्यंत सर्व विचारपूस होते. ज्या चौकात ती एकत्र वाढली नाहीत, तो चौक त्यांस असा सापडला आहे. हे दृश्य ज्याने पाहिले, त्यास मोबाईल सरसकट जप्त करा असे म्हणवणार नाही.

परंतु मैदानातील हुतूतूत एक गोष्ट होती, ती येथे नाही. तेथे चढाईस मर्यादा होती ती दमाची. श्वास तुटला की परत फिरावेच लागे. शरीरच पंच होते. शिवाय ढोपर फुटे, दिवेलागण होई, आणि ओट्यावरून कोणाची तरी हाक येई. मोबाईलच्या खेळास ना दम लागतो, ना अंधार पडतो. महाभारतात युद्धापूर्वी दोन्ही पक्षांनी नियम ठरविले होते. पळणाऱ्यास, शस्त्र टाकलेल्यास मारू नये, बरोबरीच्याने बरोबरीच्याशी लढावे, असे ते नियम. ते पाळावयास लावणारा कोणी उरला नाही, तेव्हा एकामागून एक मोडले गेले. नियम पाळवून घेणारा लागतो. या खेळात ती जागा रिकामी आहे आणि ती घरानेच भरून काढली पाहिजे.

ही काही वडीलधाऱ्यांची नुसती हौस नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये स्वीकारलेल्या आणि 2022 पासून लागू झालेल्या रोगसूचीत खेळाच्या व्यसनाचा समावेश आहे. खेळावर ताबा न राहणे, इतर सर्व कामांपेक्षा खेळ मोठा वाटणे, आणि नुकसान दिसत असूनही तो न सुटणे, ही त्याची लक्षणे. आणि ती साधारणतः वर्षभर टिकली तर त्यास विकार म्हणावे. तेव्हा एखाद्या रविवारी मूल अधिक खेळले म्हणून वैद्याकडे धावण्याचे कारण नाही. तसेच महिनोन्महिने अभ्यास, झोप आणि जेवण मागे पडत असेल तर डोळेझाकही नको. पैशाविषयी सांगावयाचे तर, पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाईन खेळांस ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंदी केली आहे. ई-स्पोर्ट्स आणि करमणुकीचे खेळ त्यातून वेगळे ठेवले आहेत. परंतु अशा खेळांतून वेष, बंदुकीची नक्षी वगैरे विकत घेण्याचा मोह मुलांस होतोच. तो जुगार नसला तरी खर्च आहे, आणि घरातील खर्च विचारून करावयाचा असतो.

आमच्या घरी थोरला नातू यंदा दहावीस आहे. त्याची आई म्हणे, खेळ मार्चपर्यंत पूर्ण बंद. तो म्हणे, भावंडांशी बोलावयाचे तेवढेच निमित्त. दोघांचेही म्हणणे खरे होते, म्हणून निर्णय सोपा नव्हता. अखेर सर्वांनी बसून चार नियम ठरविले. खेळ जेवणापूर्वी अर्धा तास, तोही ओसरीवर, सर्वांच्या देखत. कानांवर हेडफोन नाही. जे बोलणे होईल ते घराने ऐकावे. काही विकत घ्यावयाचे तर आधी विचारावे. आणि रविवारी सकाळी एक तास वाड्यामागील पटांगणात खरा हुतूतू. हे नियम पुण्यास व नाशकासही कळविले, म्हणजे तिकडून अवेळी बोलावणे येऊ नये. सूनबाईंनी एक पाचवा नियम जोडला: सराव-परीक्षेत गुण घसरले तर खेळ बंद, आणि त्यावर आबांकडे अपील नाही. तो आम्हांसही मान्य करावा लागला.

हे नियम प्रत्येक घरी असेच असावेत असे नाही. ज्याने त्याने आपल्या घरची माणसे, वेळा आणि मुलांचे स्वभाव पाहून ठरवावेत. एवढेच सुचवितो की, नियम करण्यापूर्वी वडील मंडळींनी मुलांच्या शेजारी बसून दोन सामने पाहावेत. पंचाला खेळ ठाऊक असेल तरच त्याचा निर्णय गडी मानतात. आमच्या नातवाने परवा आपण होऊन पुण्याच्या भावाला सांगितले की, सुट्टीत आपण उठवाउठवीचा खेळ खेळू, कोणाला टाकून पुढे जावयाचे नाही. हवालदारकाकांस हे कळले तेव्हा ते काही बोलले नाहीत, पण रविवारी सकाळी पटांगणात रेघ आखावयास तेच सर्वांच्या आधी आले होते.