यंत्रात पेट्रोल भरताना

दि. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने अलिबागच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या, तेव्हा पेट्रोलवरची करवत वाडीवाडीतून फिरली. गवत कापायचे मशीन तर आता नेहमीचेच. बंगल्यांवर माळीकाम करणाऱ्या आपल्या तरुण बांधवांसाठी हे चार शब्द.

काम करता करता टाकी संपते आणि तापलेल्या मशीनवरच पेट्रोल ओतले जाते. ते सायलेन्सरवर सांडले तर भडका उडतो. म्हणून मशीन बंद करून दहा-पंधरा मिनिटे थंड होऊ द्यावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते, त्यामुळे जवळपास विडीही नको. मशीन सपाट जागी, विहिरीपासून लांब, घमेल्यात ठेवून नरसाळ्याने भरावे. आपली जमीन रेताड, सांडलेले झटकन खाली झिरपते आणि विहिरीचे पाणी नासते. टाकी गळ्यापर्यंत भरू नये, उन्हात पेट्रोल फुगते. टूटी ऑईल वेगळ्या कॅनमध्येच मिसळावे. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली, पण आपल्या मशीनचे प्रमाण पुस्तिकेत पाहावे.

सर्वांत वाईट खोड म्हणजे नळी तोंडाने ओढणे. पेट्रोल फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते. गिळले गेल्यास उलटी मुळीच करवू नये, थेट दवाखाना गाठावा. साधा हातपंप बाजारात मिळतो, तो मालकाकडून हक्काने मागून घ्यावा.

सांडलेच तर पाणी न ओतता सुकी रेती टाकावी, भिजलेले कपडे बदलावेत आणि मशीन दहा फूट दूर नेऊनच सुरू करावे.