वृद्धाश्रमाच्या फायलीतला एक कागद

1 जानेवारी 2023. दिल्लीतली कडाक्याच्या थंडीची पहाट. ग्रेटर कैलास-2 मधल्या ज्येष्ठांच्या एका केअर होमला आग लागली आणि दोन वृद्ध स्त्रियांचा जीव गेला.

अशा दुर्घटनेनंतर भरपाई कोण आणि कुठून देणार, हे संस्थेच्या फायलीतला एक कागद ठरवतो. आगीचा विमा इमारतीचं आणि सामानाचं नुकसान भरून देतो, माणसांचं नाही. आग लागली, ओल्या फरशीवर आजी घसरल्या, तर लागते पब्लिक लायबिलिटी पॉलिसी. औषध चुकलं, उपचारात हयगय झाली, तर प्रोफेशनल इन्डेम्निटी.

पब्लिक लायबिलिटीच्या पॉलिसीत दोन आकडे पाहायचे: एओए आणि एओवाय. पहिला एका अपघाताची कमाल रक्कम सांगतो, दुसरा वर्षभराची. समजा, वर्षाला 1 कोटी आणि प्रमाण 1:4. म्हणजे एका अपघाताला 25 लाख. आगीत दोघं गेले, पाच जण भाजले, तरी सगळ्यांत मिळून तेवढेच. सहसा वकिलाचा खर्चही त्यातूनच. 1997 च्या उपहार सिनेमागृहाच्या आगीत 59 जण दगावले. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वीस वर्षांवरील मृतांसाठी प्रत्येकी 10 लाख आणि वर व्याज ठरवलं. त्या हिशेबाने 25 लाख किती पुरतील?

तारखाही पाहाव्यात. या पॉलिसी बहुधा दावा दाखल होईल त्या वेळी चालू असाव्या लागतात. ग्राहक आयोगाकडे तक्रार करायला दोन वर्षं मिळतात, म्हणजे दावा अपघातानंतर बऱ्याच उशिराही येऊ शकतो. मधेच नूतनीकरण चुकलं, तर जुन्या अपघाताचं संरक्षणही जातं.

हप्ता ठरतो तो विम्याची रक्कम, रुग्णांची संख्या, उलाढाल आणि आधीचे दावे पाहून. वर 18 टक्के जीएसटी. सप्टेंबर 2025 मध्ये वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा कर गेला. संस्थांच्या या पॉलिसींवरचा तसाच आहे. तो खर्च शेवटी महिन्याच्या बिलातच येतो.

काही गुन्ह्यांना मात्र विमा नाहीच. जून 2025 मध्ये नोएडाच्या सेक्टर 55 मधल्या एका आश्रमातून 39 वृद्धांची सुटका झाली. तिथे हात बांधून ठेवलेली वृद्धा सापडली. जाणूनबुजून केलेल्या छळाची भरपाई कुठलीही पॉलिसी देत नाही.

आणि यातली एकही पॉलिसी घेण्याची केअर होमवर देशभर लागू असलेली सक्ती नाही. 1991 चा पब्लिक लायबिलिटी कायदा घातक रसायनं हाताळणाऱ्यांपुरता आहे. केअर होमच्या नोंदणीची तरतूद असलेलं 2019 चं विधेयक लोकसभेची मुदत संपताच बाद झालं. नोंदणी आणि विमा, दोन्ही बंधनकारक व्हायलाच हवेत.

तोवर आईवडिलांना तिथे ठेवण्याआधी खोली, जेवण, बाग पाहून झाली की ऑफिसात बसा. अग्निशमन दलाचा दाखला मागा, पॉलिसी मागा. एओए किती, मुदत कधी संपते, हे स्वतः वाचा. कागद दाखवायला टाळाटाळ झाली, तर दुसरी जागा शोधा.