भूमिकाप्रधान खेळांतील शस्त्रनिवड

भूमिकाप्रधान खेळांत प्रत्येक खेळाडू एकेका कल्पित पात्राचा भार उचलतो, एक जण सूत्रधार होऊन भोवतालच्या जगाचे वर्णन करतो, आणि जेथे परिणाम अनिश्चित असेल तेथे फासे टाकून निर्णय होतो. या प्रकारचा पहिला प्रकाशित खेळ म्हणजे गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. तो १९७४ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनीव्हा या गावी प्रसिद्ध झाला. पात्र सिद्ध करताना खेळाडूला काही सुवर्णनाणी मिळतात व त्यांतून तो शस्त्र विकत घेतो. ही निवड वरकरणी क्षुल्लक वाटते. परंतु ती करताना खेळाडूपुढे दोन भिन्न गोष्टी असतात : एक नियमांतील हिशेब, दुसरी आपल्या पात्राविषयी त्याने मनात रेखाटलेली प्रतिमा. नियम बदलले म्हणजे या दोहोंतील तोल कसा ढळतो, हे या खेळाच्या निरनिराळ्या आवृत्त्यांवरून चांगले दिसून येते.

१९७४ च्या मूळ तीन पुस्तिकांत फाशांची जी युद्धपद्धती दिली होती, तीत कोणतेही शस्त्र लागले तरी इजा सारखीच होत असे : षट्कोनी नव्हे तर सहा बाजूंच्या एका साध्या फाशावर पडेल तितकी, म्हणजे सरासरीने ३·५ गुण. तीन नाण्यांचा खंजीर आणि पंधरा नाण्यांची दुहाती तलवार यांचा घाव एकाच मापाचा! व्यवहारदृष्ट्या ही व्यवस्था हास्यास्पद खरी. तथापि तिचा एक गुण असा की, ज्याला खंजीरच हवा त्याला तो घेताना हिशेब आड येत नसे. निर्बंध होते ते पात्राच्या वर्गामुळे. मांत्रिकाला खंजिरापलीकडे काही मिळत नसे व धर्मोपदेशकाला धारदार शस्त्र वर्ज्य असे. हा दुसरा निर्बंध, मध्ययुगीन पाद्र्यांना रक्तपात निषिद्ध होता या लोकप्रिय समजुतीवर उभा आहे. बायोच्या चित्रपटात बिशप ओडो हाती सोटा घेतलेला दिसतो, एवढ्यावरून ही समजूत पुष्कळ वाढली. इतिहासकार ती फारशी मानीत नाहीत. खेळात मात्र गदाधारी धर्मोपदेशक कायमचा रूढ झाला.

तलवारीचे माहात्म्यही याच पुस्तिकांतले. मंतरलेल्या वस्तूंत तलवारींना स्वतंत्र कोष्टक होते. त्यांतील काहींना बुद्धी व स्वतःची इच्छाही असे. इतर सर्व शस्त्रे एका लहानशा यादीत कोंबलेली होती. टोल्कीन, मूरकॉक प्रभृतींच्या कथांतील नामधारी तलवारी ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना याचे नवल वाटणार नाही.

पुढच्याच वर्षी, १९७५ साली, ‘ग्रेहॉक’ या पुरवणीने प्रत्येक शस्त्राला वेगळी इजा ठरवून दिली. तलवारीला १ ते ८, आणि शत्रू प्रचंड देहाचा असल्यास १ ते १२. हेतू वास्तवाच्या जवळ जाण्याचा होता, यात शंका नाही. परंतु घडले ते उलटेच. कोष्टकात एक शस्त्र सरस ठरताच बाकीची केवळ शोभेची राहिली. १९७८ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये तर कोणते शस्त्र कोणत्या चिलखतावर किती चालते याचेही आकडे आले, दर फेरीला ते पाहात बसणे जिवावर येऊन पुष्कळ मंडळींनी ते बाजूस सारले, आणि लांब तलवारीचे वर्चस्व अबाधित राहिले. प्रत्यक्ष इतिहासात सामान्य सैनिकाचे शस्त्र बहुधा भाला असे. तो स्वस्त, लांब पल्ल्याचा, आणि ओळीने उभ्या राहिलेल्या तुकडीच्या हाती दुर्धर्ष. या खेळात तुकडी नसते, चार-पाच जण एखाद्या भुयारात शिरलेले असतात. आणि पहिल्या एक-दोन साहसांनंतर पैशाची ददातही उरत नाही. भाल्याचे सारे गुण ज्या परिस्थितीत आहेत ती परिस्थितीच खेळाने वगळली आहे. मग आकडे कितीही बारकाईने मांडले तरी भाला मागेच पडणार.

२००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत हाच न्याय टोकाला गेला. जवळचा शत्रू आणि दहा फुटांवरचा शत्रू या दोघांनाही गाठणारी, शिवाय पाय ओढून पाडणारी काटेरी साखळी हे हिशेबी खेळाडूंचे लाडके शस्त्र बनले. कोणत्याही वीरकथेतल्या नायकाने ती हाती धरल्याचे निदान प्रस्तुत लेखकाच्या स्मरणात नाही.

२०१४ सालची पाचवी आवृत्ती अभ्यासकाला विशेष उपयोगी आहे, कारण तिच्यात प्रतिमेची किंमत जवळजवळ मोजता येते. दुहाती तलवारीला सहा बाजूंचे दोन फासे, म्हणजे सरासरी ७. दुहाती परशूला बारा बाजूंचा एक, म्हणजे सरासरी ६·५. वजनदार शस्त्रे चालविण्यात निष्णात झालेला योद्धा इजेच्या फाशावरील १ व २ हे आकडे एकवार पुन्हा टाकू शकतो. तसे केल्यास तलवार ८·३३ वर जाते व परशू ७·३३ वर राहतो, म्हणजे अंतर दुप्पट होते. पूर्ण वीस पडल्यावरच्या मर्मघातात जादा फासे मिळवून देणारे काही वंश व वर्ग आहेत. ते एकत्र आणले तर पारडे परशूकडे झुकते, परंतु एरवी नाही. तरीही उत्तरेकडचा रानटी योद्धा रंगविणारा खेळाडू परशूच घेतो. दर घावाला अर्धा गुण तो आपल्या चित्रापायी खर्च करतो, असे म्हणावयास हरकत नाही.

हा खर्च त्याच्या एकट्याचा नसतो, ही गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे. राक्षस एक फेरी अधिक जगला तर शेजारी बसलेल्याचे पात्र मरावयाचे. आणि दोन-दोन वर्षे वाढविलेले पात्र गमावणे कोणालाही सुखाचे नसते. “अरे, तलवार घेतली असतीस तर!” हा उद्गार ज्याने ऐकला आहे, त्याला ही निवड क्षुल्लक नाही हे निराळे सांगावयास नको. अर्ध्या गुणापर्यंत सोबती सहसा बोलत नाहीत. परंतु त्रिशूळ घेणाराची गोष्ट वेगळी. या आवृत्तीत त्रिशूळाची इजा भाल्याइतकीच, किंमत पाचपट, वजन जास्त, आणि तो चालविण्यास शिक्षणही वरच्या दर्जाचे लागते. समुद्रदेवाच्या भक्ताखेरीज तो घ्यावा कोणी?

याच ग्रंथात आणखी एक जोडी सापडते. एका हाताने पेलण्याची लांब तलवार आणि तसाच परशू यांची इजा, तीही छेदनाचीच, अगदी सारखी. दोन्ही हातांनी धरल्यावर होणारी वाढही तीच. भेद काय तो किमतीत व एका पौंडाच्या वजनात. येथे हिशेब गप्प बसतो आणि खेळाडूला केवळ स्वतःलाच विचारावे लागते. १९७४ ची ती हास्यास्पद समानता, बहुधा कोणाच्या मनात नसता, एका जोडीपुरती परत आली होती.

२०२४ च्या सुधारित ग्रंथाने प्रत्येक शस्त्राला एकेक खास करामत दिली आहे : लांब तलवारीचा घाव शत्रूचा पुढचा वार लटका करतो, परशूचा घाव त्याला खाली पाडू शकतो. त्रिशूळाचीही दैना संपली. त्याची इजा वाढली आणि पाडण्याची करामत त्यालाही मिळाली. भांडारातील अधिक शस्त्रे यामुळे वापरात येतील, हे उघड आहे. मात्र बुटक्यांच्या वंशातले पात्र परशू घेऊन टेबलाशी आले, तर तो त्याच्या आज्याचा म्हणून घेतला आहे की शत्रूला पाडता येते म्हणून, हे आता सूत्रधाराला विचारूनच घ्यावे लागेल.