पिंपरी-चिंचवड, चाकणला मंत्री का नाही? मंत्रिमंडळाचं गणित समजून घ्या

चाकण, मे २०२५ : पिंपरी, चिंचवड आणि भोसरी या तिन्ही जागा महायुतीने जिंकल्या. तरी मंत्रिमंडळात इथला एकही आमदार नाही. "एवढे कारखाने, एवढा टॅक्स, मग मंत्रीपद का नाही?" हा प्रश्न चाकणच्या टपऱ्यांवर अजून विचारला जातो. छगन भुजबळांनी २० मे रोजी शपथ घेतली आणि तो पुन्हा निघाला.

आधी कायदा बघू. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनुसार मुख्यमंत्री धरून मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त करता येत नाही. आपल्याकडे आमदार २८८, म्हणजे मंत्री जास्तीत जास्त ४३. तिन्ही पक्षांचे मिळून आमदार निवडून आले २३०. पाचातल्या चौघांना घरी बसावंच लागणार.

आता वाटणी. भाजपचे १३२, शिंदेंच्या शिवसेनेचे ५७, अजित पवारांच्या राष्ट्रवादीचे ४१. बहुमताला लागतात १४५, म्हणजे भाजपला १३ कमी पडले. हे १३ फार महाग असतात! ५ डिसेंबर २०२४ ला आझाद मैदानावर तिघांनी आणि १५ डिसेंबरला नागपुरात ३९ जणांनी शपथ घेतली. एकूण ४२ : भाजप २०, शिवसेना १२, राष्ट्रवादी १०. हिशोब केला तर भाजपला साधारण साडेसहा आमदारांमागे एक मंत्री मिळाला, शिवसेनेला पावणेपाचांमागे आणि राष्ट्रवादीला चारांमागे. लहान भावाला वाटा मोठा. युतीत हे असंच चालतं, कारण मोठ्याचं घर त्याच्यामुळेच उभं असतं.

शिवाय जागा पक्षाची असते, माणसाची नाही. मार्चमध्ये धनंजय मुंडेंनी राजीनामा दिला. ती जागा राष्ट्रवादीची, म्हणून भुजबळही राष्ट्रवादीचेच आले आणि खातंही तेच, अन्न व नागरी पुरवठा.

मग जिल्ह्यांचा हिशोब येतो. पुणे जिल्ह्यातून बारामतीचे अजित पवार, कोथरूडचे चंद्रकांत पाटील, इंदापूरचे दत्तात्रय भरणे आणि पर्वतीच्या माधुरी मिसाळ असे चौघे आत गेले. पाचवा घ्यायचा तर दुसऱ्या कुठल्या तरी जिल्ह्याचं पान रिकामं राहतं. पिंपरीचे अण्णा बनसोडे मार्चमध्ये विधानसभेचे उपाध्यक्ष झाले. मान मोठा आहे, पण ते मंत्रीपद नव्हे, हाताखाली खातं नसतं.

गावकऱ्याला खरा फरक पडतो तो खात्यांनी. एमआयडीसीच्या भूसंपादनाचा विषय उद्योग खात्याचा, ते उदय सामंतांकडे, म्हणजे शिवसेनेकडे. त्याच जमिनीचा सातबारा महसूल खात्यात, ते भाजपच्या चंद्रशेखर बावनकुळेंकडे. चाकण नगरपरिषद नगरविकास खात्याखाली, ते एकनाथ शिंदेंकडे. शेजारची ग्रामपंचायत ग्रामविकास खात्याखाली, ते भाजपच्या जयकुमार गोरेंकडे. कंत्राटी कामगाराची तक्रार कामगार खात्याकडे, तिथे भाजपचेच आकाश फुंडकर. आणि पैसा कुठल्याही कामाला लागो, फाईल अर्थ खात्यातून जाते, ते २०२५ मध्ये अजित पवारांकडे होतं. वाहतूक कोंडीने जीव नकोसा करणारा पुणे-नाशिक रस्ता तर राष्ट्रीय महामार्ग, तो थेट दिल्लीच्या अखत्यारीत. एकाच शेतकऱ्याचं काम तीन पक्षांच्या दारात फिरतं ते असं.

खेड तालुक्याची गोष्ट आणखी वेगळी. इथले आमदार बाबाजी काळे ठाकरेंच्या शिवसेनेचे, म्हणजे विरोधी बाकावरचे. ते सभागृहात प्रश्न विचारू शकतात, मंत्र्याला लेखी उत्तर द्यायला लावू शकतात. फाईलवर सही मात्र त्यांची नसते. जिल्हा नियोजन समितीचा निधी पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली वाटला जातो आणि २०२५ मध्ये पुण्याचे पालकमंत्री अजित पवार होते. या पदाचं वजन किती, ते रायगड आणि नाशिकने दाखवलं. १८ जानेवारीला तिथले पालकमंत्री जाहीर झाले, शिवसेना नाराज झाली आणि दुसऱ्याच दिवशी दोन्ही नेमणुकांना स्थगिती मिळाली.