तवा घेताना पैसा कुठे घालावा?



उसाचे बिल हाती आले की घरात चार नवी भांडी येतात. ऊस कोणता लावायचा याचा खल आपण चार-चार दिवस करतो. तव्याची खरेदी मात्र चकाकी बघून होते. म्हणून या अंकात आम्ही चुलीवरच्या लोखंडाचा विचार मांडत आहोत.

लोखंडी तवे दोन जातींचे. बिडाचा तवा ओतीव असतो, त्यात कार्बन साधारण २ ते ४ टक्के. तो जाड, उष्णता धरून ठेवणारा. पण हातून पडला की तडकतो. दुसरा पत्र्याचा, म्हणजे साध्या पोलादाचा. त्यात कार्बन अगदी थोडा, बाकी जवळजवळ सगळे लोखंड. तो वजनाने हलका, लवकर तापणारा, आपटला तरी न फुटणारा. गुऱ्हाळावरची काहील आठवा, लोखंडी पत्रा किती जाळ सोसतो ते कळेल.

आता बाकीची भांडी बघू. ॲल्युमिनियम स्वस्त आणि झटकन तापणारे, पण चिंच-टोमॅटोच्या आंबटाने झिजते. स्टेनलेस गंजत नाही, आमटीला उत्तम. मात्र साध्या पोलादाच्या मानाने उष्णता फार कमी वाहून नेते, त्यामुळे पातळ बुडाच्या भांड्यात मधेच करपते. पितळेची कल्हई कथलाची, आणि कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. तेव्हा कोरडे भाजणे तिथे नको. नॉनस्टिकचा लेप सुमारे २६० अंशांपुढे खराब होऊ लागतो. भाकरीसाठी मोठ्या जाळावर रिकामा ठेवलेला तवा ही मर्यादा ओलांडू शकतो. शिवाय उलथन्याने लेप खरवडला की तवा गेलाच म्हणा!

आणखी एक गोष्ट घरच्या बायकांच्या तब्येतीची आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. लोखंडी कढईतल्या भाजीत, विशेषतः ती ओलसर व आंबट असेल तर, थोडे लोह उतरते. पण कढई म्हणजे औषध नव्हे. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद करू नयेत.

घेताना पत्रा सुमारे एक सूत, म्हणजे तीन मिलिमीटर जाड बघावा. पातळ पत्रा वाकतो. जस्ताचा मुलामा दिलेला पांढरा पत्रा स्वयंपाकाला मुळीच वापरू नये.

नवा तवा गरम पाण्याने व साबणाने घासून त्यावरचे कारखान्याचे तेल काढावे आणि जाळावर कोरडा करावा. मग करडईचे किंवा शेंगदाण्याचे तेल फडक्याने अगदी पातळ पुसून धूर निघेपर्यंत तापवावा. असे तीन-चार वेळा केले की तवा काळा होतो आणि घावन चिकटत नाही. जाड तेल लावले तर ते चिकट होऊन बसते. तापल्या तव्यावर गार पाणी ओतू नये. धुतल्यावर लगेच पुसून तेलाचा हात फिरवावा, नाहीतर गंज धरतोच. धरला तरी घाबरू नका; घासून काढा, पुन्हा तेल द्या. कढी, सार, चिंचेची आमटी मात्र त्यात करून ठेवू नये. काळी पडते, चवही बिघडते.

आमचे म्हणणे एवढेच : भाकरी, घावन, परतलेली भाजी यांना पत्र्याचा लोखंडी तवा-कढई, आमटी-कढीला स्टेनलेस. दोन्ही असली की घर भागते. आणि हा खरेदीचा निर्णय भाकऱ्या थापणाऱ्या माउलीला विचारून घ्यावा, कारण तवा रोज तिच्या हाती असतो.