मुलांचे हात आणि घरची माती

काही वर्षांपूर्वी आपल्या शाळेच्या पालक मेळाव्यात मी बोलत होतो. सुट्टीत मुले घरी आली की त्यांना परसबागेत, मातीकामात, शिवणाटिपणात सोबत घ्या, लहान वयात हाताला काम मिळाले तर बुद्धीही चालू लागते, असे माझे सांगणे होते. तेव्हा मागच्या ओळीतून एक आजोबा उठून उभे राहिले आणि म्हणाले, "गुरुजी, आमच्या पिढ्यांच्या हातातलं खुरपं सुटावं म्हणून लेकरू इथं ठेवलं. तुम्ही पुन्हा खुरपंच त्याच्या हातात देता व्हय?"

सभेत शांतता पसरली. मी श्रमप्रतिष्ठेविषयी दोन-चार वाक्ये बोललो. पण ते उत्तर ना त्यांना पटले, ना मला. स्मरणिकेच्या निमित्ताने लिहिण्याची संधी मिळाली, तेव्हा त्या प्रश्नाचे नीट उत्तर द्यावे असे मनात आले.

आजोबांची शंका रास्त आहे

प्रथम हे मान्य केले पाहिजे की आजोबांच्या प्रश्नामागे इतिहास उभा आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी तयार केलेले आणि १९३६ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केलेले जे भाषण आहे, त्यात परमपूज्य बाबासाहेबांनी दाखवून दिले की जातिव्यवस्था केवळ कामाची वाटणी करीत नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी करते. कोणी कोणते काम करायचे हे आवड वा कुवत पाहून ठरत नव्हते, ते जन्मावरून ठरत होते. वतनाच्या नावाखाली महारांकडून गावाची कामे करून घेतली जात. या गुलामीतून समाजाला सोडविण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनविषयक दुरुस्ती विधेयक मांडले होते.

आपल्या बीड जिल्ह्याची गोष्ट तर प्रत्येकाच्या घरातली आहे. दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे ऊसतोडीला निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे 'एक कोयता' म्हणतात. माणसाची मोजदादच हत्यारावरून होत असेल, तर त्या माणसाला आपल्या नातवाच्या हातातील अवजार पाहून धास्ती वाटणारच.

'हस्तव्यवसायाचे शिक्षण' या गोंडस नावाखाली जात परत येऊ शकते, याचाही दाखला आहे. १९५३ साली मद्रास राज्यात राजाजींच्या सरकारने प्राथमिक शाळेची वेळ तीन तासांवर आणली. उरलेल्या वेळात मुलांनी घरी आपल्या आईबापांचा धंदा शिकावा, अशी ती योजना होती. पेरियार आणि त्यांच्या चळवळीने तिला कडाडून विरोध केला, कारण चर्मकाराच्या मुलाने पुन्हा चामडेच हाताळायचे, असा तिचा सरळ अर्थ होता. १९५४ साली राजाजी पायउतार झाले आणि कामराज सरकारने ती योजना मागे घेतली. आजोबांची शंका नेमकी हीच होती.

मग हातांचे काम सोडायचे काय?

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे जे निवेदन केले, ते या संदर्भात वाचण्यासारखे आहे. प्राथमिक शिक्षणात मोडी, बालबोध, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य यांचे धडे असावेत, अशी त्यांची मागणी होती. प्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरायला ज्यांना लाज वाटणार नाही, असे शिक्षक त्यांना हवे होते. शूद्रातिशूद्रांच्या मुलांना ब्राह्मणी वर्चस्वातून सोडवू पाहणाऱ्या जोतीरावांनी अवजार टाकून द्या असे म्हटले नाही. लेखणी आणि अवजार ही दोन्ही एकाच हातात असावीत, असा त्यांचा आग्रह होता.

जर्मनीत फ्रोबेल यांनी १८४० च्या सुमारास लहान मुलांच्या शाळेला 'बालोद्यान' या अर्थाचे नाव दिले. त्यांच्या कल्पनेत प्रत्येक मुलासाठी स्वतःचा एक छोटा वाफा होता आणि त्याभोवती सर्वांचे सामाईक वाफे होते. महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर हेच काम गरिबांच्या मुलांसाठी केले. महागड्या साधनांऐवजी बिया, शिंपले, पाने, माती, काड्या यांवर त्यांनी मुलांना मोजायला आणि ओळखायला शिकविले. मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी शाळा वस्तीच्या अंगणात नेली आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणातही नेली. आज गावोगावी दिसणाऱ्या अंगणवाडीचे मूळ तिथे आहे.

एकच काम एका ठिकाणी गुलामी ठरते आणि दुसऱ्या ठिकाणी शिक्षण. हा फरक ओळखण्यासाठी मी स्वतःपुरत्या तीन कसोट्या ठरविल्या आहेत.

पहिली कसोटी : ते काम सर्वांसाठी आहे काय? बहिणीने झाडलोट करायची आणि भावाने खेळायचे, हीसुद्धा जन्मावरून केलेली वाटणीच आहे. घरात मुलगा सुईदोरा धरीत नसेल आणि मुलगी खुरपे धरीत नसेल, तर ती कला नव्हे, ती रूढी होय.

दुसरी कसोटी : त्या कामात 'का?' विचारायला जागा आहे काय? तथागतांनी कोणतीही गोष्ट केवळ परंपरेने आली म्हणून स्वीकारू नये, असे कालामांना सांगितले. मुलाने प्रश्न विचारला आणि आपण "मुकाट्याने कर" म्हणालो, तर शिक्षण तिथेच संपले.

तिसरी कसोटी : त्या कामाचे फळ मुलाचे आहे काय? संविधानाच्या २४ व्या अनुच्छेदाने चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात, खाणीत वा धोक्याच्या कामावर ठेवण्यास मनाई केली आहे. घरातही त्याचे भान हवे. मुलाच्या हातकामातून पैसा मिळवायचा नाही. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर मूलोद्योग शिक्षणाची योजना पुढे आली, तेव्हा मुलांच्या उत्पादनातून शाळेचा खर्च भागविण्याच्या कल्पनेवर आक्षेप घेतला गेला, तो यासाठीच.

घरी काय करता येईल?

चार ते नऊ-दहा वर्षांच्या मुलांबरोबर, पैसे न खर्चता करण्याजोग्या काही गोष्टी येथे सांगतो.

*मेथीचा डबा.* तेलाच्या जुन्या डब्याला तळाशी भोके पाडावीत. हे काम मोठ्यांनी करावे आणि कापरी कडा आत दुमडून घ्यावी. दोन भाग माती, एक भाग मुरलेले शेणखत आणि थोडी वाळू घालावी. रात्रभर भिजवलेली मेथी मुलाने स्वतः पसरावी. तीन-चार दिवसांत अंकुर दिसतात आणि तीन-चार आठवड्यांत भाजी खुडता येते. लहान मुलाचा धीर कमी असतो, म्हणून सुरुवात लवकर उगवणाऱ्या पिकाने करावी. धणे रगडून दोन फाकी करून पेरावेत. ते उगवायला आठ-दहा दिवस लागतात, तोवर मुलाला वाट पाहण्याची सवय झालेली असते. याच वेळी दुसरा डबा अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावा. तिथली रोपे पिवळी आणि लांबट झालेली पाहून मूल आपणच विचारील, "असं का झालं?"

*पाण्याचे मडके.* आपल्या भागात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. तिथे मुलांना बागेचा नाद लावणे चैनीचे वाटेल. परंतु धान्य आणि भाजी धुतलेले पाणी एका डब्याला पुरते. दोडक्याच्या किंवा भोपळ्याच्या वेलाशेजारी एक भाजलेले, रंग न लावलेले छोटे मडके गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरावे आणि वर झाकण ठेवावे. मडक्याच्या अंगातून पाणी हळूहळू पाझरते आणि मुळांना मिळते. माठातले पाणी गार का होते, हेही मुलाला इथेच समजावता येते.

*शंभर बियांची परीक्षा.* जून महिन्यात घरचे सोयाबीन पेरायचे असेल तर ही परीक्षा मुलावर सोपवावी. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळींत शंभर दाणे मांडावेत, गुंडाळी करून सावलीत ठेवावी आणि ओल टिकवावी. सहा-सात दिवसांनी उघडून चांगले कोंब आलेले दाणे मोजावेत. सत्तर किंवा अधिक निघाले तर बियाणे पेरणीस योग्य. कमी निघाले तर एकरी बियाणे वाढवावे किंवा बदलावे. दुसरीतल्या मुलाने मोजलेल्या आकड्यावर आईवडील पेरणीचा निर्णय घेतात, तेव्हा त्या मुलाला शेकडेवारी वेगळी शिकवावी लागत नाही.

*मातीची खेळणी.* पोळ्याला बैल करतोच. पण काळ्या मातीचे दोन गोळे करून पाहावेत. एक नुसता, दुसऱ्यात बारीक वाळू किंवा चाळलेली राख मिसळलेली. वाळल्यावर नुसत्या गोळ्याला अधिक तडे जातात, कारण काळी माती ओलीने फुगते आणि वाळताना आकसते. उन्हाळ्यात रानाला भेगा का पडतात, ते मुलाला हातातल्या गोळ्यावरून कळते.

*चोवीस आऱ्यांचे चक्र.* ताट ठेवून पातळ कागदावर वर्तुळ काढावे आणि कापावे. ते निम्म्यात दुमडावे. त्या अर्धवर्तुळाच्या तीन सारख्या घड्या घालाव्यात. मग पुन्हा निम्म्यात आणि आणखी एकदा निम्म्यात. उघडल्यावर मध्यापासून निघालेल्या बरोबर चोवीस रेषा दिसतात. त्या निळ्या रंगाने गिरविल्या की अशोकचक्र तयार झाले. सारनाथच्या अशोकस्तंभावरील हे चक्र २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने राष्ट्रध्वजावर स्वीकारले, ही गोष्ट घड्या घालता घालता सांगावी. बुद्धपौर्णिमेला किंवा १४ एप्रिलला अशी चक्रे, तसेच निळ्या, पिवळ्या, लाल, पांढऱ्या आणि केशरी कागदांच्या पताका घरच्या मुलांनी कराव्यात. बाजारातून आणलेल्या प्लॅस्टिकपेक्षा त्यांना अधिक शोभा आहे.

*वाकळ.* चपलांच्या खोक्याच्या पुठ्ठ्याला भोके पाडून त्यातून नाडी ओवणे, ही लहान मुलासाठी शिवणाची पहिली पायरी. सात-आठ वर्षांचे झाल्यावर मोठ्यांच्या शेजारी बसून धावदोरा घालता येतो. येथे एक कबुली देतो. माझी आई दिवसभर रानात राबून रात्री चिमणीच्या उजेडात जुन्या लुगड्यांची वाकळ शिवीत असे. शिकायला बाहेर राहिलो तेव्हा मी ती वाकळ मित्रांपासून लपवीत होतो. पुढे इतिहासात एम.ए. केले, राजवाडे आणि लेणी यांचे शिल्प अभ्यासले. पण पट्टी न लावता चौकटी जुळविणाऱ्या आईच्या हाताला कला म्हणायचे माझ्या मनात कधी आले नाही. ज्या समाजाची लाज मला शिकविण्यात आली होती, त्याच्या कामाचीही लाज मी सोबत घेऊन फिरत होतो. आपल्या मुलांवर ही वेळ येऊ नये.

काही सावधगिरी

कीटकनाशकाचा रिकामा डबा वा बाटली, कितीही धुतलेली असो, मुलांच्या कामासाठी घेऊ नये. औषध लावलेले रंगीत बियाणे त्यांच्या हाती देऊ नये. गुंजा आणि एरंडाच्या बिया विषारी असतात. आपल्या बालाघाटात सीताफळाच्या बिया मुबलक आहेत आणि मोजण्यासाठी त्या चांगल्या. पण त्या फोडू वा कुटू देऊ नयेत, त्यांची भुकटी डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. तीन वर्षांखालील मुले बिया नाकात-तोंडात घालतात, म्हणून त्यांच्यापुढे बिया ठेवूच नयेत. मातीकाम झाल्यावर साबणाने हात धुवावेत.

आणखी एक. मुलाचे रोप वाळले तर रागावू नये आणि रात्री गुपचूप दुसरे लावून ठेवू नये. ते का वाळले, हे दोघांनी मिळून शोधावे.

आजोबांना उत्तर

आपले अनेक पालक सहा महिने फडावर कोपीत राहतात. त्यांना परसबाग कुठली, असे कोणी म्हणेल. पण सुट्टीत लेकरू कोपीवर आले असता एका डब्यात मेथी पेरता येते, आणि डबा सोबत नेता येतो. ती भाजी कधी खुडायची हे त्या लेकराने ठरवावे. घरात एवढा एक निर्णय त्याचा असावा.

ते आजोबा आज पुन्हा भेटले तर मी त्यांना सांगेन : बाबा, तुमच्या हातात खुरपे होते तेव्हा जमीन दुसऱ्याची होती, पीक दुसऱ्याचे होते आणि 'का?' विचारायची सोय नव्हती. नातवाच्या हातात ते देताना या तिन्ही गोष्टी बदलायच्या आहेत. त्याच्या एका हातात पुस्तक राहीलच, ते कोणत्याही कारणाने सुटू द्यायचे नाही. दुसऱ्या हाताने त्याने माती उकरावी, बी लावावे, आणि ते उगवले की पळत येऊन तुम्हाला सांगावे. त्या वेळी तुम्ही त्याच्याजवळ बसा. तुम्हाला मातीतले जे कळते, ते आम्हा शिक्षकांपैकी फार थोड्यांना कळते. ते नातवापर्यंत पोहोचवणे केवळ तुमच्या हातात आहे.

माजी विद्यार्थ्यांना एवढीच विनंती की शहरात नोकरी-घर केलेल्यांनीही गॅलरीत एक डबा ठेवावा, आणि त्या डब्यावर आपल्या मुलाचे नाव लिहावे.

नमो बुद्धाय! जयभीम!